क्रू जंक्शनची पोरं

इंग्लंडच्या चेशर परगण्यातलं क्रू हे गाव बहुतेकांना गाडी बदलण्यापुरतंच ठाऊक असतं. 1837 मध्ये इथे रूळ आले, मागोमाग इंजिनांचा कारखाना आला आणि त्याभोवती वस्ती वाढली. 1877 साली निघालेल्या क्रू अलेक्झांड्रा या फुटबॉल क्लबाला लोक आजही ‘रेल्वेवाले’च म्हणतात. त्याचं ग्रेस्टी रोडचं मैदान स्टेशनाला लागूनच आहे.

क्लबाची बरीच वर्षं मार खाण्यात गेली. 1960 मध्ये एफए कपात टॉटनहॅमने त्यांना 13-2 असं धुतलं. 1982 मध्ये तर चौथ्या विभागातही संघ तळाला होता.

1983 मध्ये डारिओ ग्राडी व्यवस्थापक म्हणून आले. तिजोरीत खडखडाट. मग दुसऱ्यांनी सोडून दिलेली पोरं उचलायची, कोवळी पोरं घडवायची, चेंडू जमिनीवरून फिरवायला शिकवायचं आणि वेळ न दवडता पहिल्या संघात उतरवायचं, हा शिरस्ता पडला. मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं की पोरगा विकायचा; त्या पैशावर पुढची पोरं. डेव्हिड प्लॅट मँचेस्टर युनायटेडला नकोसा झालेला. क्रूमध्ये तो तयार झाला आणि 1988 मध्ये 2 लाख पौंडांना अ‍ॅस्टन व्हिलाला गेला. दोन वर्षांनी विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध जादा वेळ सरता सरता त्याने मागून आलेला चेंडू गर्रकन वळून हवेतच मारला. इंग्लंड पुढच्या फेरीत! पुढे डॅनी मर्फी लिव्हरपूलला गेला, डीन अ‍ॅश्टन नॉरिचला. जीव लावावा आणि पोरगा गाडीत बसावा, हे इथल्या प्रेक्षकांच्या अंगवळणीच पडलं. 1997 मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत चढला. एप्रिल 2013 मध्ये वॉल्सॉलविरुद्ध उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू क्लबाच्याच अकादमीतले होते.

एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. 2016 मध्ये क्रूचा एक माजी खेळाडू उघडपणे बोलला: ऐंशीच्या दशकात इथे मुलं घडवणाऱ्या बॅरी बेनेल या प्रशिक्षकाने त्याचं लैंगिक शोषण केलं होतं. मग एकेक जण पुढे आला. 2018 मध्ये बेनेलला 30 वर्षांची कैद झाली. मुलं त्याच्या घरी मुक्कामाला राहत. आपल्याला संघात कोण नेणार, हे त्या मुलांना पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडायचं कुणासमोर? 2021 च्या चौकशी अहवालाने क्लबावर नेमकं त्या मुक्कामांवरून बोट ठेवलं: त्याच्या घरी राहणाऱ्या मुलांची क्लबाने आणखी विचारपूस करायला हवी होती.