ओडेल यांचे दोन बंब

जॅक ओडेल या इंग्रज कारागिराने एकच आगीचा बंब दोनदा बनवला. पहिला १९६० साली 'मॅचबॉक्स'साठी, दुसरा १९८३ साली स्वतःच्या नव्या कंपनीसाठी. दोन्ही घोड्यांचे आणि तळहातावर मावणारे. जुन्या बंबांच्या धातूच्या प्रतिकृती जमवणाऱ्याने निदान ही जोडी तरी जवळ बाळगावी.

मूळ बंब लंडनच्या शँड मेसन कंपनीचा. गाडी घोडे ओढत, पंप वाफेवर चाले. मागच्या बाजूला उभा बॉयलर, अगदी न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबासारखा. ठाण्यात त्याच्याखाली गॅसची बारीक ज्योत तेवत ठेवत, म्हणजे पाणी कायम गरम राही. वर्दी आली की भट्टी पेटवायची आणि घोडे पिटाळायचे. आगीच्या जागी पोचेपर्यंत वाफ तयार! लंडनच्या अग्निशमन दलातले घोडे १९२१ साली निवृत्त झाले आणि ही सगळी धावपळ इतिहासजमा झाली.

ओडेल यांना अशा जुन्या यंत्रांचं विलक्षण वेड होतं. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ यांनी १९४७ साली काढलेल्या 'लेस्नी' कंपनीत ते आले, तेव्हा कारखाना उत्तर लंडनमधल्या एका जुन्या पबमध्ये होता. मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई, म्हणून त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातूनच 'मॅचबॉक्स' जन्माला आली. १९५६ पासून 'मॉडेल्स ऑफ यस्टरइयर' ही जुन्या वाहनांची मालिका निघाली आणि चार वर्षांनी तिच्यात शँड मेसन दाखल झाला.

तो हातात घेऊन पाहावा. लाल अंग, सोनेरी बॉयलर, पुढे जुंपलेली घोड्यांची जोडी. सुरुवातीच्या बंबांवर 'केंट' दलाचं नाव होतं, पुढे 'लंडन' आलं. एवढ्याशा फरकावर भाव बदलतो, आणि ते मला रास्त वाटतं, कारण साच्यातल्या प्रत्येक बदलामागे कुणाचे तरी हात राबलेले असतात. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचा, ही ओतकामाची रीत. त्या मिश्रणात शिशाचा अंश शिरला, तर वर्षानुवर्षांनी धातू फुगतो, तडकतो, हातात भुगा होतो. 'डिंकी' या खेळण्यातल्या गाड्यांच्या छापाच्या १९३६ मधल्या सुरेख बंबांसारख्या महायुद्धापूर्वीच्या गाड्या घेताना म्हणूनच रंगाआधी भेगा तपासाव्यात. यस्टरइयरच्या बंबाचं दुखणं वेगळं: त्याची प्लॅस्टिकची माणसं हरवतात, आणि त्यांच्या जागी नव्याने पाडलेली बसवून गाडी मूळची म्हणून विकली जाते.

१९८२ साली लेस्नीचं दिवाळं वाजलं. ओडेल यांची साठी उलटली होती, तरी त्यांनी पुन्हा कारखाना थाटला. आपल्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटी लावून कंपनीचं नाव ठेवलं 'लेडो'. 'डेज गॉन' या तिच्या मालिकेच्या अगदी पहिल्या गाड्यांमध्ये शँड मेसन होताच. कारागिरी पहिल्याइतकी नाजूक नाही. किंमत कमी ठेवायची होती आणि ते जाणवतं. पण तो मुबलक निघाल्यामुळे आजही स्वस्तात मिळतो. नवख्याने आधी हा घ्यावा, डोळा तयार करावा आणि मगच केंटवाल्याच्या शोधात निघावं.