टर्मिनलवरील आज्ञा : पाहण्याच्या आणि बदलण्याच्या

संगणक वापरणाऱ्या बहुतेकांचा परिचय खिडक्या, चित्रे आणि माउस यांच्याशी असतो. परंतु ज्या यंत्रांवर संकेतस्थळे, ईमेल आणि मोठमोठे माहितीसाठे चालतात, म्हणजे ज्यांना सर्व्हर म्हणतात, त्यांतील बहुतेकांना पडदा किंवा कीबोर्ड जोडलेलाच नसतो. अशा यंत्राची देखभाल करणारा व्यवस्थापक, ज्याला या व्यवसायात अ‍ॅडमिन म्हणतात, दुसऱ्या गावातून किंवा दुसऱ्या देशातूनही त्याच्यापर्यंत पोचतो, आणि त्याचे साधन असते टर्मिनल : एक साधी खिडकी, जिच्यात अक्षरे टाइप करून यंत्राला आज्ञा म्हणजेच कमांड द्यायची आणि अक्षरांतच आलेले उत्तर वाचायचे. दूरच्या यंत्राशी हा संवाद गुप्त ठेवणारी ‘एसएसएच’ ही आज्ञा फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये, विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर, तयार केली आणि पुढे ती या क्षेत्रात सर्वमान्य झाली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्स या प्रणालीवर चालत आले आहे, आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या महासंगणकावर गणिते करणारा संशोधकही याच मार्गाने आत शिरतो. प्रत्यक्षात या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टाइप कराव्या लागतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

या आज्ञा इतक्या तोकड्या का आहेत, हे त्यांच्या जन्मस्थळावरून समजते. अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथील बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये युनिक्स या प्रणालीचे काम सुरू केले, तेव्हा आजच्यासारखे पडदे त्यांच्यापुढे नव्हते. त्या काळी प्रचलित असलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र कागदाच्या गुंडाळीवर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापत असे आणि त्याच्या कळा जोर लावून दाबाव्या लागत. त्यामुळे फायलींची यादी दाखवणारी आज्ञा ‘एलएस’, नक्कल करणारी ‘सीपी’, हलवणारी ‘एमव्ही’ आणि पुसून टाकणारी ‘आरएम’ अशी दोन-दोन अक्षरांची नावे रूढ झाली, आणि काम यशस्वी झाले तर यंत्राने काहीही न छापता गप्प राहावे ही पद्धतही पडली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाने याच आज्ञा नव्याने लिहून सर्वांना मुक्त करून दिल्या, आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सशी त्यांची जोड बसली. कागदाची गुंडाळी गेली, पण यंत्राचे मौन मात्र राहिले. दहा हजार फायली पुसल्या गेल्या तरी टर्मिनलवर एक अक्षर उमटत नाही, ही गोष्ट नवशिक्याने पहिल्याच दिवशी समजून घ्यावी इतकी महत्त्वाची आहे.

प्रत्येक आज्ञेची रचना साधारण सारखी असते : आधी आज्ञेचे नाव, मग ती कशी पार पाडावी हे सांगणारे पर्याय, जे आडव्या रेघेने सुरू होतात, आणि शेवटी ज्या फाइलवर किंवा फोल्डरवर काम करायचे तिचे नाव. हे वाक्य वाचून योग्य तो प्रोग्राम चालवणाऱ्या मध्यस्थाला शेल म्हणतात. हजारो आज्ञांपैकी रोजच्या वापरात तीस-चाळीसच येतात, आणि त्या पाठ करण्यापेक्षा त्यांचे दोन गट मनात पक्के करणे अधिक उपयोगाचे आहे. एका गटातील आज्ञा यंत्राला केवळ प्रश्न विचारतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. दुसऱ्या गटातील आज्ञा यंत्राची स्थिती बदलतात आणि त्या बहुधा मागे घेता येत नाहीत. चांगल्या अ‍ॅडमिनचा बराचसा वेळ पहिल्या गटात जातो.

या भेदाचे मोल डिस्क भरण्याच्या प्रसंगी सर्वांत चांगले दिसते, कारण हा प्रसंग प्रत्येक सर्व्हरवर केव्हा ना केव्हा येतोच. संकेतस्थळ अचानक बंद पडते आणि जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो. अशा वेळी घाईने काहीतरी पुसण्याचा मोह होतो, पण आधी विचारायचे असते ते ‘डीएफ’ या आज्ञेला, जी प्रत्येक डिस्कची एकूण, वापरलेली आणि मोकळी जागा सांगते. कोणता विभाग भरला हे कळल्यावर ‘डीयू’ ही आज्ञा त्यातील प्रत्येक फोल्डरने किती जागा व्यापली ते मोजते. तिचे उत्तर शेकडो ओळींचे असू शकते, म्हणून ते ‘सॉर्ट’ या क्रम लावणाऱ्या आज्ञेकडे सोपवायचे. एका आज्ञेचे उत्तर दुसरीला पुरवणाऱ्या या जोडणीला पाइप म्हणतात आणि ती एका उभ्या रेघेने दाखवली जाते. बेल लॅब्समधील डग मॅकिलरॉय यांनी ही कल्पना १९६४ मध्येच टिपून ठेवली होती आणि १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये आणली. लहान, एकच काम नीट करणारी साधने एकमेकांना जोडून मोठे काम साधण्याची ही युक्ती पन्नास वर्षांनंतरही जुनी झालेली नाही, आणि टर्मिनलचे खरे सामर्थ्य कुठल्या एका आज्ञेपेक्षा या जोडणीत आहे.

बहुतेक वेळा दोषी निघते ती एखादी वाढत गेलेली लॉग फाइल, म्हणजे प्रोग्रामने आपल्या कामाची ओळीओळीने केलेली नोंद. ती ‘आरएम’ने पुसली जाते, पण पुन्हा ‘डीएफ’ चालवले तर जागा तितकीच भरलेली दिसते, आणि येथे नवशिके गोंधळतात. कारण असे की युनिक्सच्या पद्धतीत फाइलचे नाव आणि फाइलमधील मजकूर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ग्रंथालयाच्या सूचीतील कार्ड काढून टाकले तरी पुस्तक कपाटात राहावे, तसे ‘आरएम’ केवळ नाव काढते. मजकुराची जागा तेव्हाच मोकळी होते, जेव्हा त्या मजकुराला कोणतेही नाव उरत नाही आणि कोणत्याही चालू प्रोग्रामने तो उघडून धरलेला नसतो. ज्या प्रोग्रामची लॉग फाइल होती तो अजून तिच्यात लिहीतच असतो, म्हणून जागा सुटत नाही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फायली धरून ठेवल्या आहेत हे ‘एलएसओएफ’ ही आज्ञा सांगते, आणि तो प्रोग्राम पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते. मुळात अशी फाइल पुसण्याऐवजी ‘ट्रंकेट’ने तिची लांबी शून्य केली असती तर हा पेच पडलाच नसता.

याच प्रसंगाचे आणखी एक रूप अधिक फसवे आहे. ‘डीएफ’ मोकळी जागा भरपूर दाखवते, तरीही नवी फाइल तयार होत नाही. लिनक्सच्या एक्सटी४ या प्रचलित फाइलव्यवस्थेत प्रत्येक फाइलसाठी आयनोड नावाची एक नोंद लागते आणि अशा नोंदींची संख्या डिस्क तयार करतानाच ठरते; एखाद्या प्रोग्रामने लाखो चिमुकल्या फायली साठवल्या तर जागेआधी आयनोड संपतात. त्यांचा हिशेब ‘डीएफ’लाच ‘आय’ हा पर्याय देऊन मिळतो.

यंत्र मंद झाल्याची तक्रार आली तर ‘टॉप’ ही आज्ञा कोणता प्रोग्राम किती प्रोसेसर आणि किती मेमरी वापरतो ते सतत दाखवत राहते. तिच्या वरच्या ओळीतील तीन आकडे गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांतील सरासरी भार सांगतात, आणि ते प्रोसेसरमधील गाभ्यांच्या संख्येशी ताडून पाहायचे असतात. आठ गाभ्यांच्या यंत्रावर चार हा भार चिंतेचा नाही. लिनक्समध्ये या आकड्यात डिस्कची वाट पाहत अडकलेली कामेही धरली जातात, त्यामुळे भार मोठा आणि प्रोसेसर रिकामा असे दिसले तर शोध डिस्ककडे वळवावा. मेमरीसाठी ‘फ्री’ आहे. तिने दाखवलेली मोकळी मेमरी थोडी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नसते, कारण लिनक्स रिकामी मेमरी डिस्कवरील मजकूर हाताशी ठेवण्यासाठी वापरतो आणि गरज पडताच परत देतो, म्हणून उपलब्ध मेमरीचा वेगळा रकानाच वाचायचा. अडून बसलेला प्रोग्राम थांबवण्यासाठी ‘किल’ वापरतात. ती आज्ञा मुळात १५ क्रमांकाचा संकेत पाठवते, ज्यात प्रोग्रामला आवराआवर करून थांबण्याची विनंती असते. ९ क्रमांकाचा संकेत मात्र प्रोग्रामपर्यंत पोचतच नाही, प्रणाली त्याला जागच्या जागी संपवते आणि अर्धवट लिहिलेला मजकूर अर्धवटच राहतो. पहिल्याच फटक्यात ९ वापरण्याची सवय, विशेषतः माहितीसाठ्याच्या प्रोग्रामवर, घातक आहे.

काय घडले हे समजण्यासाठी लॉग वाचावे लागतात. ‘टेल’ फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवते आणि नव्या ओळी येतील तशा दाखवत राहते. ‘ग्रेप’ हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडते. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. शब्द आणि अक्षरे मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ या आज्ञेला केवळ ‘मराठी’ हा शब्द दिला तर ती पंधरा बाइट आणि पाच चिन्हे मोजते, कारण काना आणि वेलांटी तिच्या लेखी स्वतंत्र आहेत. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा सामान्यतः २५५ बाइट असल्याने संपूर्ण देवनागरी नाव ८५ चिन्हांपुढे जाऊ शकत नाही, आणि लांबलचक मराठी शीर्षकांच्या फायलींची नक्कल अधूनमधून अडते ती यामुळे. शोधाची अडचण त्याहून सूक्ष्म आहे : ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो, ती रूपे डोळ्यांना सारखीच दिसतात, पण एक रूप शोधणाऱ्या ‘ग्रेप’ला दुसरे सापडत नाही.

बदलणाऱ्या आज्ञांमध्ये फाइलवरील अधिकार ठरवणारी ‘सीएचमॉड’ सर्वांत जास्त गैरवापरली जाते. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालवण्याचा एक, अशा अंकांची बेरीज मालक, त्याचा गट आणि इतर सर्व यांच्यासाठी क्रमाने लिहितात. म्हणजे ६४० याचा अर्थ मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने फक्त वाचावे, इतरांना काहीच नाही. काही चालेनासे झाले की सरसकट ७७७ देऊन मोकळे होण्याचा सल्ला वारंवार ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे यंत्रावरील कोणताही प्रोग्राम ती फाइल बदलू शकतो. ‘एसएसएच’ तर आपली खासगी किल्ली इतरांना वाचता येते असे दिसताच ती वापरायलाच नकार देते. सर्वाधिकारी खात्याची सत्ता एका आज्ञेपुरती देणारी ‘सुडू’ १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात लिहिली गेली. ती सामान्यतः कोणी, केव्हा, काय चालवले याची नोंद ठेवते, म्हणून सर्वाधिकारी खात्यात थेट शिरण्यापेक्षा तिचा वापर बरा. पर्यायांविषयी शंका असेल तेव्हा ‘मॅन’ ही आज्ञा यंत्रावरचीच माहितीपुस्तिका उघडते.

पुसण्याच्या आज्ञेचा सर्वांत बोधक दाखला गिटलॅब या कंपनीने स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केला आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या माहितीसाठ्याची दुय्यम प्रत मुख्य प्रतीच्या मागे पडली होती. ती नव्याने घेण्यासाठी दुय्यम यंत्रावरील फोल्डर पुसायचे होते, पण ती आज्ञा मुख्य यंत्राच्या टर्मिनलमध्ये दिली गेली. चूक एक-दोन सेकंदांत लक्षात आली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार शिल्लक होते. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण बॅकअपचा प्रोग्राम माहितीसाठ्यापेक्षा जुन्या आवृत्तीचा होता आणि तो अयशस्वी झाल्याचे ईमेल मधल्या मध्ये नाकारले जात होते. वाचवले ते चाचणीसाठी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या एका प्रतीने, आणि तरी त्या सहा तासांतील माहिती गेली.

या घटनेत पाहण्याच्या दोन आणि बदलण्याची एक, अशा तीन साध्या आज्ञा पुरल्या असत्या. ‘होस्टनेम’ समोरच्या यंत्राचे नाव सांगते. ‘एलएस’ बॅकअपच्या फोल्डरमधील फायलींचा आकार आणि तारीख दाखवते. ‘एमव्ही’ने फोल्डर पुसण्याऐवजी केवळ त्याचे नाव बदलले असते, तर तो बदल जरी असला तरी परतवता आला असता. त्यानंतर कंपनीने हाती घेतलेल्या सुधारणांत बॅकअपमधून माहिती खरोखर परत येते का हे नियमित तपासण्याबरोबरच एक किरकोळ वाटणारे कामही होते : प्रत्येक टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला दिसणारी खूण अशी बदलणे, की कोणत्या यंत्रावर हात आहे ते आज्ञा टाइप करण्याआधीच डोळ्यांना दिसेल.