फोटो उजेडानुसार लावायचे, पण कुठल्या उजेडानुसार?

परवा लॅबमधल्या एका ज्युनिअरने विचारलं, "ताई, सहाशे फोटो एकेक करून उजळवत बसायचं का?" नाही बसायचं. सारख्या उजेडाचे फोटो एकत्र लावा, प्रत्येक गटातला एक नीट करा आणि तीच सेटिंग बाकीच्यांवर चिकटवा. बॅच एडिटिंग म्हणजे एवढंच. पण "सारख्या उजेडाचे" या शब्दांत एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडून आले आहे.

खाडीचा चिखल भरतीच्या पाण्याखाली गेला की रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. (ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. भरतीच्या वेळची ही आसऱ्याची तळी मात्र त्या हद्दीबाहेरची.) मी काठावरून फोटो काढायचे आणि नंतर एका छोट्या प्रोग्रामने त्यातले पक्षी मोजायचे. प्रोग्राम थ्रेशोल्डवर चालतो : ठरावीक आकड्यापेक्षा उजळ ठिपक्यांचा सलग पुंजका दिसला की एक पक्षी.

सकाळी सात ते दहा उजेड बदलत जातो, म्हणून मोजण्याआधी फोटो एका पातळीवर आणायचे होते. मी सोपा रस्ता धरला. प्रत्येक पिक्सेलची उजळता काढायची (लाल, हिरवा, निळा यांना साधारण २१, ७२ आणि ७ टक्के वजन देऊन, आपला डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो), अख्ख्या फोटोची सरासरी घ्यायची आणि ती फाइलच्या नावापुढे लावायची. दहा ओळींचा कोड. फोल्डर उघडलं तर फोटो अंधारातून उजेडाकडे छान रांगेत! सगळ्यात काळोख्या गटाला एक स्टॉप उजळवलं, बाकीच्यांना कमी-कमी, आणि मोजणी लावून चहाला गेले.

आकडे आले. गाइडना पाठवायच्या आधी सवयीने तीस फोटो हाताने मोजले. काळोख्या गटात प्रोग्रामचे पक्षी माझ्यापेक्षा सतत कमी भरत होते.

चूक कॅमेऱ्याची नव्हती. मी मॅन्युअलवर होते : एफ ८, १/१०००, आयएसओ ४००, सगळीकडे तेच. त्या गटातल्या बऱ्याच फोटोंचं एक्सपोजर अगदी बरोबर होतं. त्यांत ओला काळा चिखल जास्त आणि पक्षी थोडे, म्हणून सरासरी कमी. मी बरोबर फोटो "सुधारले" होते. आता एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट. नेहमीच्या जेपेगमध्ये ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. निम्मा प्रकाश १२८ वर नाही, सुमारे १८८ वर येतो. म्हणजे १८८ च्या वरचं सगळं एक स्टॉप उजळवल्यावर २५५ ला जाऊन आदळतं. उन्हातली पिसं तिथेच असतात. शेजारी उभ्या दोन पक्ष्यांमधली फिकट सावलीही थ्रेशोल्डच्या वर गेली आणि दोघांचा एक पुंजका झाला.

तर सरासरी उजळता दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबते : उजेड किती होता, आणि फ्रेममध्ये काय होतं. लग्नाचे फोटो असतील तर फार बिघडत नाही, डोळ्याला खटकलं की दुरुस्त करता येतं. मोजमाप असेल तर बिघडतं.

"मग ऑटोवर काढले असते तर?" तर गंमत उलटी. ऑटो प्रत्येक फ्रेम मध्यम करड्याकडे ओढतो. पांढऱ्या थव्याने फ्रेम भरली की तो एक्सपोजर कमी करतो, नुसता चिखल दिसला की वाढवतो. सरासऱ्या जवळपास सारख्या येतात आणि लावायला काही उरतच नाही. तिथे एक्झिफटूलमधली लाइट व्हॅल्यू पाहा. ती अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओवरून निघते. पण ऑटोने ते आकडे फ्रेम बघूनच निवडलेले असतात, त्यामुळे फ्रेमचा परिणाम त्यातही शिरतोच. मॅन्युअलवर ती सगळीकडे एकच, म्हणजे निरुपयोगी.

मला उपयोगी पडली ती न बदलणारी वस्तू. स्टुडिओत करडं कार्ड ठेवतात, मीही नेलं होतं. पण कार्ड माझ्या हातात आणि पक्षी पाण्यापलीकडे. ढग त्यांच्यावर असतो, माझ्यावर नसतो. शेवटी पलीकडच्या काठावरच्या तिवरांचा एक पट्टा धरला. चिखल का नाही? ओल्या चिखलावर सूर्य चमकतो आणि कोन बदलला की आकडा उडी मारतो. त्या पट्ट्यातल्या पिक्सेलचा मध्यक घेतला. सरासरी नको, एखादा बगळा येऊन बसला की ती हलते. आधी फोटो वेळेनुसार लावले, मग पट्ट्याचा आकडा जिथे एकदम बदलतो तिथे गट तोडले. ढग आला-गेला ते स्पष्ट दिसतं.

एडिटिंग डार्कटेबलमध्ये, रॉ फाइलवर. मूळ फाइलला तो हात लावत नाही, बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितो. म्हणूनच माझी पहिली चूक मागे घेता आली. कुठल्या गटाला किती स्टॉप दिले ते वहीतही लिहा. मेथड्समध्ये लागेल, आणि परीक्षक विचारतील.

ज्या फोटोंत तिवरं आलीच नव्हती ते वेगळ्या फोल्डरमध्ये टाकले. ते अजून हाताने मोजतेय.