शाळेचा संगणक : नवा घ्यावा की जुन्या नमुन्याचा ?

शाळेतील संगणक सुरू होण्यास दहा-दहा मिनिटे घेऊ लागला, म्हणजे तो बदलण्याचा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत निघतो व तेथे बहुधा दोन मते पडतात. नवा कोरा संगणक घ्यावा, म्हणजे पुष्कळ वर्षे चिंता नाही, असे काहींचे म्हणणे असते. कचेऱ्यांतून काढलेले व दुरुस्त करून विकावयास ठेवलेले दोन संगणक तेवढ्याच रकमेत मिळत असता एकावरच सारा पैसा का घालावा, असे इतरांना वाटते. चाळीस मिनिटांच्या तासिकेत वीस मुलांमागे एकच संगणक असला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास दोन मिनिटे येतात. दोन असले तर चार येतात. परंतु स्वस्तात घेतलेल्या दोहोंपैकी एक वर्षाच्या आत बंद पडला, तर हा हिशेब फसतो आणि लोकवर्गणीचा पैसाही जातो. म्हणून नवा की जुना, या प्रश्नाच्या आधी आणखी काही प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनी शोधणे इष्ट आहे.

पहिला प्रश्न असा की, संगणक मंद का झाला ? कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या म्हणजे विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यातील 'परफॉर्मन्स' या भागात डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांजवळ राहत असेल, तर अडचण बहुधा हार्ड डिस्कची असते. मेमरी सदैव भरलेली दिसत असेल, तर रॅम अपुरी आहे असे समजावे. हार्ड डिस्कमध्ये मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी असते व माहिती वाचण्यासाठी तिच्यावरील सूक्ष्म भुजेला सारखे मागे-पुढे व्हावे लागते. एसएसडी या नव्या प्रकारच्या साठवणीत फिरणारा भागच नसतो. त्यामुळे संगणक कितीतरी लवकर सुरू होतो. जुन्या संगणकातही अडीच इंची साटा एसएसडी बहुधा सहज बसते. रॅम वाढविताना मात्र मदरबोर्डास कोणती चालते हे पाहावे, कारण डीडीआर३ व डीडीआर४ या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. या दोन सुधारणांनी काम भागत असेल, तर नवी खरेदी लांबणीवर टाकता येते.

कित्येकदा दोष याहूनही लहान असतो. संगणकाचे घड्याळ दररोज मागची तारीख दाखवू लागले, तर सुरक्षेची तपासणी चुकते व संकेतस्थळे उघडत नाहीत. अशा वेळी संगणक निकामी झाला, अशी समजूत होते. वस्तुतः मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्यावर बहुधा सीआर२०३२ असा क्रमांक असतो. तो सेल बदलून तारीख नीट लावली की काम पूर्ववत चालते.

दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तो संगणक त्यानंतरही चालतो. परंतु सुरक्षेच्या नियमित सुधारणा बंद झाल्याने, विद्यार्थ्यांची माहिती भरण्याच्या कामासाठी त्यावर विसंबून राहणे योग्य नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. शिवाय प्रोसेसरही ठराविक यादीतील असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद वगळता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा मोफत प्रोग्राम चालविला म्हणजे आपला संगणक या कसोटीस उतरतो की नाही, ते समजते.

बैलाचे वय दात पाहून ओळखतात; संगणकाचे वय प्रोसेसरच्या क्रमांकावरून ओळखावे. इंटेलच्या आय३, आय५, आय७ या मालिकांतील डेस्कटॉप प्रोसेसरचा क्रमांक चार आकडी असेल, तर पहिला आकडा पिढी दाखवितो. पाच आकडी असेल, तर पहिले दोन आकडे पिढी दाखवितात. यावरून आय५-८५०० हा आठव्या पिढीचा, तर आय३-१२१०० हा बाराव्या पिढीचा ठरतो. केवळ 'आय७' या नावावर भुलू नये. २०११ साली आलेला आय७-२६०० हा दुसऱ्या पिढीचा असून, २०२२ च्या आय३-१२१०० पेक्षा तो पुष्कळच मंद आहे. कॅबिनेट नवे व चकचकीत, आणि आत तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, असाही संगणक 'नवा' म्हणून दाखविला जाऊ शकतो. म्हणून दरपत्रकात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम, साठवणीचा प्रकार आणि हमीची मुदत या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात. ४ जीबी रॅम व हार्ड डिस्क असलेल्या नव्या संगणकापेक्षा, ८ जीबी रॅम व एसएसडी असलेला आठव्या पिढीचा जुना संगणक वर्गात अधिक उपयोगी पडतो.

तिसरा प्रश्न कामाचा. मुख्याध्यापकांचे कार्यालयीन काम, ऑनलाइन नोंदी व विद्यार्थ्यांची कागदपत्रे ज्यावर राहणार, तो संगणक शक्यतो नवा व हमीचा असावा. त्यात खंड पडला तर साऱ्या शाळेचे काम अडते. मुलांनी कळफलक ओळखणे, मराठी टंकलेखन शिकणे, चित्रे काढणे व शैक्षणिक चित्रफिती पाहणे यांसाठी जुना, पण सुस्थितीतील संगणक पुरेसा होतो. विंडोज ११ ज्यावर चालत नाही, असा संगणकही लगेच टाकाऊ ठरत नाही. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. तिची उबुंटू २४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली व तिच्या सुरक्षेच्या नियमित सुधारणा पाच वर्षे मिळावयाच्या आहेत. इनस्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिण्याची सोयही तिच्यात आहे. मात्र केवळ विंडोजसाठी केलेले प्रोग्राम तिच्यावर सरळ चालत नाहीत, हे आधी ध्यानात घ्यावे.

जुना संगणक घेण्याचे ठरल्यास तो दुकानात निदान तासभर चालवून पाहावा. पंख्याचा आवाज, मॉनिटरवरील डाग, यूएसबीच्या सर्व जागा, ध्वनी व इंटरनेटची जोडणी तपासावी. विंडोज रीतसर परवान्याची आहे की नाही, हेही विचारावे. दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळतो का, याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी. कारण पंधरा दिवस दुरुस्तीत पडलेला स्वस्त संगणक अखेर महागच पडतो. वीज वारंवार जात असेल, तर यूपीएसचा खर्च त्याच रकमेत धरावा.

राहिला प्रश्न शाळेतील मूळ संगणकाचा. प्रश्नपत्रिका व नोंदी त्यातून उतरवून घ्याव्यात. त्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्टही जपावा; नाहीतर नव्या संगणकावर मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे दिसतात. फाइली नुसत्या डिलीट केल्याने माहिती नष्ट होत नाही; ती परत मिळविता येते. विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक ज्यावर होते, ती डिस्क जाणकाराकडून पूर्णपणे पुसून घ्यावी. निर्लेखन रीतीप्रमाणे झाल्यावर संगणक भंगारवाल्यास न देता अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावा. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत.

तात्पर्य, संगणकाची किंमत तो नवा आहे की जुना यावरून ठरत नाही. तो किती वर्षे सुरक्षितपणे चालेल आणि किती मुलांचे हात त्यावर फिरतील, यावरून ती ठरते. खराब होईल या भीतीने कापडाखाली झाकून ठेवलेला नवा संगणक आणि दुरुस्तीवाचून कोपऱ्यात पडलेला जुना संगणक हे मुलांच्या दृष्टीने सारखेच होत. जो संगणक वर्गात रोज उघडला जाईल व बिघडल्यास लवकर नीट करता येईल, तोच शाळेने निवडावा.