कुंडीचं भोक

बोरिवलीच्या आमच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीत मातीवर पांढरा थर धरला, आणि मला माहेरचं शेत आठवलं. माहेर नीरेच्या डाव्या कालव्यावरचं. पाऊस बेताचा, म्हणून इंग्रजांच्या काळात, १८८५ मध्ये हा कालवा झाला. ऊस आला, घरं पक्की झाली. पण काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाटानं भरमसाट पाणी देत राहिलं की जमिनीखालचं पाणी वर चढतं, सोबत क्षार आणतं. उन्हानं पाणी उडून जातं, मीठ तिथंच राहतं. हे दुखणं आजचं नाही.

आमचं खालच्या अंगाचं वावर असंच गेलं. दादा विकायला निघाला होता. वहिनी म्हणाली, "वन्सं, आधी माती तपासू या." चोपण निघाली. मग जिप्सम टाकायचंच, पण त्याआधी चर खणायचा, नाहीतर सुटलेले क्षार जाणार कुठं? नंतर ताग गाडायचा, पाणी मोजून द्यायचं. ऐकायला सोपं, पण चराला खर्च येतो आणि शेजाऱ्याच्या बांधातून वाट लागते. ती अजून मिळालेली नाही.

माझ्या कुंडीचं भोक बुजलं होतं. विणायच्या सुईनं मोकळं केलं.