विश्लेषण : स्नायू फडफडतात, पेटके येतात, रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’... दुसरा सल्ला केव्हा घ्यावा?

डोळा लवला, तर घरातली मोठी माणसे उजवा की डावा एवढेच विचारत. आता तीच फडफड पोटरीत किंवा दंडावर आठवडाभर टिकली की मोबाइलवर शोध घेतला जातो आणि चार ओळींतच ‘एएलएस’ ही अक्षरे समोर येतात. त्यानंतर झोप उडते आणि झोप उडाली की फडफड वाढते. डॉक्टर तपासतात, रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात, ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून घरी पाठवले जाते. लक्षण तसेच राहते. अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे का, आणि गेल्यास त्यांच्याकडून नेमके काय अपेक्षित असावे?

फडफड येते कुठून?

मज्जारज्जूतील एक चेतापेशी स्नायूच्या अनेक तंतूंना एकाच वेळी आदेश देते. हा आदेश मेंदूने न सांगता आपोआप सुटला, की त्वचेखाली क्षणभर लहर उठते. तीच फडफड. पेटक्यात असे आदेश एकामागोमाग, वेगाने सुटत राहतात. स्नायू आखडतो, पोटरीत गोळा येतो. ताण दिला की तो बहुधा सुटतो.

कारणे बहुतेकदा रोजच्या जगण्यातली असतात. जागरण, अति चहा-कॉफी, जिममधील अचानक वाढवलेला व्यायाम, उन्हात घाम गाळून पाणी कमी पिणे. रक्तातील कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम कमी होणे, थायरॉइडचा बिघाड, मूत्रपिंडाचा आजार, मधुमेहामुळे किंवा ‘बी १२’च्या कमतरतेमुळे नसांना झालेली इजा, ही पुढची यादी. औषधांकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. दम्याचे सॅल्ब्युटॅमॉल, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन यांनी स्नायूंची कुरकुर सुरू होऊ शकते. पित्तासाठी वर्षानुवर्षे रोज सकाळी घेतली जाणारी पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी काहींमध्ये मॅग्नेशियम घटवते, हे तर कित्येकांच्या गावीही नसते.

भीती ज्या आजाराची, तो ओळखतात कशावरून?

एएलएस हा मोटर न्यूरॉन आजाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी त्याचे निदान झाले होते. त्यात स्नायूंना आदेश देणाऱ्या चेतापेशीच मरत जातात. त्यामुळे मुख्य लक्षण फडफड नसून ताकद जाणे हे असते. शर्टाचे बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही, चालताना पायातली चप्पल निसटते, बोलणे जड होते, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट दिसू लागतो.

मराठीत ‘अशक्तपणा’ हा शब्द दोन्ही गोष्टींसाठी वापरला जातो, आणि इथेच घोळ होतो. थकवा वाटणे वेगळे आणि स्नायूची ताकद खरोखर कमी होणे वेगळे. टाचांवर चालता येते का, एका पायाच्या चवड्यावर उभे राहता येते का, यातून न्यूरॉलॉजिस्टला जे कळते ते कित्येकदा महागड्या तपासणीतूनही कळत नाही.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये अशा १२१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांना फडफड होती पण ताकद शाबूत होती. दीर्घकाळ पाठपुरावा करूनही त्यांपैकी एकालाही मोटर न्यूरॉन आजार झाला नव्हता. नंतरच्या काळात तुरळक अपवाद नोंदले गेले. म्हणूनच ‘काही नाही’ असे सांगतानाही काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. निरुपद्रवी फडफडीसोबत पेटकेही येत असतील तर त्यालाही स्वतंत्र नाव आहे : क्रॅम्प-फॅसिक्युलेशन सिंड्रोम. तो त्रासदायक असतो, पण आयुष्य हिरावत नाही.

मग दुसरा सल्ला हवाच कशाला?

कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. एएलएसचे निदान व्हायला लक्षणे सुरू झाल्यापासून अनेकदा वर्षभर जाते. मधल्या काळात मानेच्या एमआरआयमध्ये झीज दिसते, जी पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत दिसतेच. तेच कारण समजून शस्त्रक्रिया होते आणि ताकद मात्र घटतच राहते. उलट बाजूही आहे. हाताची ताकद कमी होऊन फडफड आणि पेटके येणारा ‘मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी’ हा आजार एएलएससारखा दिसतो, पण तो इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचाराने आटोक्यात येतो. भारत आणि जपानमध्ये तरुण मुलांत आढळणाऱ्या हिरायामा आजारात एका हाताचे स्नायू सुकतात, मात्र काही वर्षांनी तो आपसूक थांबतो. अशा तरुणाला ‘मोटर न्यूरॉन’ म्हणून घरी पाठवणे म्हणजे त्याच्या पुढच्या आयुष्यावर उगाच काट मारणे.

तिसरी शक्यता आयझॅक्स सिंड्रोमची. यात प्रतिपिंडांमुळे नसा अतिउत्तेजित होतात. स्नायू त्वचेखाली अळ्या वळवळाव्यात तसे सतत हलतात, घाम खूप येतो, कधी झोपच लागत नाही. भारतातील न्यूरॉलॉजिस्टांनी अशा काही रुग्णांत पारा किंवा सोने असलेल्या पारंपरिक औषधांचा संबंध नोंदवला आहे. भस्मे आणि गोरेपणाची क्रीम यांचा उल्लेख रुग्ण सहसा करत नाहीत, कारण ती ‘औषधे’ वाटत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी नेमके हेच विचारले, तर निदान बदलू शकते.

तपासणीबाबतही एक गल्लत नेहमी होते. ‘ईएमजी झाली’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा अनेकदा फक्त नसांचा वेग मोजणारी, विजेचे हलके झटके देणारी तपासणी झालेली असते. स्नायूत बारीक सुई घालून केलेली ईएमजी वेगळी. ताकद कमी झाल्याची शंका असेल तर ती हात, पाय, पाठ अशा वेगवेगळ्या भागांत करावी लागते.

कागदपत्रे मागण्याचा हक्क

वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात. दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपून ठेवणेही बंधनकारक आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेत दुसरा सल्ला घेण्याचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. तेव्हा आधीच्या डॉक्टरांना वाईट वाटेल, हा संकोच सोडलेला बरा.

सोबत न्यायचे ते ईएमजीच्या आकड्यांसह सर्व पाने (शेवटचा निष्कर्ष पुरेसा नसतो), एमआरआयची सीडी, जिमच्या पावडरीपासून काढ्यापर्यंत सर्व औषधांची यादी आणि फडफडीचा मोबाइलवर घेतलेला व्हिडीओ. दवाखान्यात नेमकी तेव्हाच फडफड थांबते, त्यामुळे व्हिडीओ फार कामाचा. मुंबईचे केईएम, बंगळूरुचे निम्हान्स अशा मोठ्या सार्वजनिक संस्थांत न्यूरॉलॉजी विभाग आहेत. रांग मोठी असते, खर्च कमी.

दोन न्यूरॉलॉजिस्टांनी स्वतंत्रपणे तपासून ताकद पूर्ण असल्याचे सांगितले आणि सुईची ईएमजीही स्वच्छ आली, तर तिसऱ्या-चौथ्या डॉक्टरांकडून नवे काही हाती लागण्याची शक्यता कमी. त्यापेक्षा सहा महिन्यांनी पहिल्याच डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेणे अधिक उपयोगी. ताकद घटू लागली, गिळताना ठसका लागू लागला, आडवे झाल्यावर दम लागला किंवा व्यायामानंतर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मात्र थांबू नये. शेवटच्या लक्षणात तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

पेटक्यांवर झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना ताण देणे हा बिनखर्चाचा उपाय. मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, पण रक्तातील पातळी नीट असलेल्या ज्येष्ठांना त्यांचा फारसा उपयोग होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही. क्विनाइनचा वापर पेटक्यांसाठी करू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने दिला आहे, कारण त्याने प्लेटलेट धोकादायकरीत्या घटू शकतात. त्रास फारच असेल तर नसांची उत्तेजना कमी करणारी गॅबापेंटिनसारखी औषधे न्यूरॉलॉजिस्ट देतात. दुकानातून परस्पर घेण्याची ती नव्हेत.