लिक्विड बायोप्सी : रक्त काय सांगते, काय सांगत नाही

प्रोस्टेटच्या कर्करोगासंदर्भात 'पीएसए' या रक्ततपासणीचे नाव आपण ऐकले असेल. अलीकडे तिच्या जोडीला 'लिक्विड बायोप्सी'चाही उल्लेख होतो. सुई खुपसून गाठीचा तुकडा काढण्याऐवजी नुसत्या रक्तावर काम भागणार, हे ऐकून रुग्णाला आणि घरच्यांना हायसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ही तपासणी कोणासाठी आहे आणि तिचा अहवाल कसा वाचावा, हे ठाऊक नसेल तर त्याच अहवालाने दिशाभूलही होऊ शकते.

तपासणीमागील तत्त्व

पेशी मरतात तेव्हा त्यांतील डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात. रक्तद्रवात अशी द्रव्ये असल्याचे १९४८ मध्येच नोंदले गेले होते. कर्करोगाच्या पेशीही असे तुकडे सोडतात. त्यांतील जनुकीय दोष शोधणे, हे या तपासणीचे काम. हे तुकडे काही तासांतच रक्तातून नाहीसे होतात. म्हणूनच त्यांतून आजाराची आजची स्थिती कळते.

उपयोग नेमका कोठे?

आजाराचे पहिले निदान करण्यासाठी ही तपासणी नाही. त्यासाठी पीएसए, एमआरआय आणि प्रत्यक्ष ग्रंथीची बायोप्सी हाच मार्ग आजही आहे. लिक्विड बायोप्सीचे खरे स्थान आजार पसरल्यानंतर, विशेषतः संप्रेरक-उपचारांना तो दाद देईनासा झाल्यावर येते. हा कर्करोग बहुधा हाडांत पसरतो. हाडातून नमुना काढणे कष्टाचे असते आणि त्यातून पुरेसा डीएनए मिळेलच असे नाही.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके डीएनएच्या दुरुस्तीचे काम करतात. ती बिघडलेल्या कर्करोगपेशींचा दुरुस्तीचा दुसरा मार्ग ओलापरिबसारखे औषध रोखते आणि त्या पेशी नष्ट होतात. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हे औषध अशा दोष असलेल्या रुग्णांसाठी मान्य केले. रुग्णांची निवड करण्यासाठी रक्ततपासणीलाही त्याच वर्षी मान्यता मिळाली.

'दोष आढळला नाही' म्हणजे काय?

या शब्दांचे दोन अर्थ संभवतात. एक, दोष खरोखरच नाही. दुसरा, रक्तात कर्करोगाचा डीएनए इतका अल्प होता की दोष दिसलाच नाही. उपचारांनी आजार आटोक्यात असताना हे सहज घडते. त्यामुळे आजार बळावत असताना, नवे उपचार सुरू होण्यापूर्वी नमुना देणे अधिक फलदायी ठरते. अहवाल नकारात्मक आला तर गाठीच्या जतन केलेल्या नमुन्याची तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. केवळ या अहवालामुळे उपयुक्त औषधाची संधी हुकता कामा नये.

याउलट चूकही होते. वय वाढते तसे रक्त निर्माण करणाऱ्या पेशींतही जनुकीय बदल साठतात. अहवालात ते कर्करोगाचेच भासू शकतात. पांढऱ्या पेशींचा डीएनए सोबत तपासल्यास हा घोळ पुष्कळसा टळतो.

प्रश्न एकट्या रुग्णाचा नाही

प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात पसरलेल्या सुमारे दहापैकी एका पुरुषात डीएनए-दुरुस्तीच्या जनुकातील दोष जन्मजात असतो. असा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. बीआरसीएचा दोष असेल तर मुलींना स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचा, तर मुलांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दोष जन्मजात आहे की केवळ गाठीपुरता, हे लिक्विड बायोप्सीवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र आनुवंशिक तपासणी आणि जनुकीय समुपदेशन आवश्यक असते.

तेव्हा नमुना देण्यापूर्वी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : या अहवालाने उपचारांत काय बदलणार आहे? नमुना देण्याची ही योग्य वेळ आहे का? आणि दोष आढळलाच तर मुलाबाळांची तपासणी कोठे व कशी करावी? पहिल्या प्रश्नाला स्पष्ट उत्तर नसेल, तर खर्चिक तपासणीची घाई करू नये. आणि दोष आढळला, तर ती माहिती मुलाबाळांपासून लपवू नये.